लिंबाच्या मागची गल्ली

रशीद,

तुझ्या मयतीला नांदेडला आलो होतो. इतवाऱ्यातून निघालेल्या माणसांच्या मागं मागं चाललो आणि कबरस्तानात तीन मुठी माती मीही टाकली. हात झटकत होतो, तेवढ्यात तुझ्या जावयानं शेजारच्या एका माणसाला माझी ओळख करून दिली. "हे कांबळे सर. अब्बांचे लातूरचे दोस्त."

तो माणूस एकदम खुलला. "म्हणजे गंजगोलाईचं ते गोल चित्र काढलेले? आमी पोरांना घेऊन बघायला गेलतो सर. त्यातला कडुलिंब काय काढलाय तुमी. हात लावून बघावा वाटतो."

आणि मी मान हलवली.

तुझ्यावरची माती अजून बसली नव्हती आणि मी मान हलवली. बारा वर्षांची सवय आहे ही. कुणी लिंबाचं कौतुक केलं की मान आपोआप हलते.

त्याला आज तीन आठवडे होतील. एका जागी बसवत नाही. घरात फेऱ्या मारतो, सून म्हणते, "पप्पा, टेका जरा." टेकतो आणि पुन्हा उठतो. हे लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. मजकूर पुरा झाला की इथल्या वर्तमानपत्राला छापायला देणार आहे. लोकांनी वाचावा म्हणूनच. पण बोलायचं तुझ्याशी आहे, तेव्हा तुझ्याशीच बोलतो.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा टाळीन. ते चित्र तुझं आहे. कल्पना तुझी, रेघ तुझी, रंग तुझा. मी छतावर जायची परवानगी काढली, फोटो काढले, कापडावर चौकटी पाडून दिल्या आणि अर्ज लिहिले. आभाळाचा थोडा भाग मी रंगवला, तोही तू नंतर दुरुस्त केलास. एवढंच माझं. आणि तो लिंब माझा.

तुला आठवतं का आपण भेटलो ते? शाळेच्या स्नेहसंमेलनाची कमान लिहून घ्यायची होती, म्हणून मी, चित्रकलेचा मास्तर, तुला शोधत गंजगोलाईच्या, त्या गोल बाजारपेठेच्या इमारतीच्या छतावर आलो होतो. तू पाण्याच्या गोल टाकीवर कसलंसं नाव लिहीत होतास. जवळून बघितलं तर अक्षरं बेढब. मधली अरुंद, कडेची फुगलेली. मी म्हणालो, "पेंटर, अक्षर बिघडलंय." तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

"मास्तर, खाली जाऊन बघा अन् मग शिकवा."

मी खरंच खाली उतरलो. रस्त्यावरून बघितलं तर सगळी अक्षरं एकसारखी, सरळ रांगेत. पुन्हा जिना चढून वर आलो तोवर तू ब्रश धुऊन विडी पेटवली होतीस. म्हणालास, "आता इथं उभं राहून एक चक्कर घ्या. पाय हलवू नका, नुसतं फिरा."

मी फिरलो. एकामागून एक सोळा रस्ते डोळ्यांसमोरून गेले. कापडाची दुकानं, सराफा, भुसार, मसाल्याचा खकाणा, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, लांबवर विटांच्या भट्ट्यांचा धूर.

"काय दिसलं?"

"गोलाई."

"गोलाईवर तर आपण उभे हाव. ती कशी दिसंल? मास्तर, शहर दिसलं का न्हाई?"

तिथून सुरू झालं सगळं. आणि भांडणंही. मी पोरांना शिकवत आलो होतो की चित्रात सगळ्या रेघा लांब जाऊन एका बिंदूत मिळतात. तू म्हणायचास, इथं सोळा रस्ते आहेत, सोळा बिंदू आहेत, तुमचा एक बिंदू मी कुठं ठेवू? मी म्हणायचो, बघणाऱ्याला एक जागा द्यावी लागते. तू म्हणायचास, "एक डोळा मिटून बघायची शाळेची सवय हाय तुमाला. माणसाला मान दिलीय देवानं. तो फिरवून बघतो." तुला माणूस मधे उभा करायचा होता आणि शहर त्याच्या भोवती. कुठलाच रस्ता पुढचा नाही, कुठलाच मागचा नाही.

एका दुपारी छतावर डबा खाताना मी तुला आमच्या गावाचं सांगितलं. चाकूरकडचं माझं गाव. शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा होता, त्यात देऊळ, चावडी, पाटलाची विहीर, ओढा. आमची वस्ती नव्हती. तिथं चित्रकारानं झाडं काढली होती. तू भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिलास. मग म्हणालास, "आपल्या चित्रात सगळ्यांची दारं घेऊ. मोजून."

हे मी तुला सांगितलं होतं, रशीद. मीच.

कापड आपण वाचनालयामागच्या जुन्या गोदामात अंथरलं. जमिनीवर सपाट पसरलेल्या कापडावर तू छताचा कठडा काढलास तो केळ्यासारखा वाकडा. मी चिडलो. सूत लावून दाखवलं, पट्टी आणली, दोन दिवस अबोला धरला. तू टाकीवरच्या अक्षरांची आठवण करून दिलीस, तरी पटलं नाही. मग कापड लोखंडी कड्यावर गोल टांगलं. कापडाखालून वाकून आत शिरलो, मधल्या चौथऱ्याच्या सात पायऱ्या चढलो, आणि कठडा सरळ होता. सुतासारखा. मी तुझी माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला.

तेव्हाही मला थोडं खुपलं होतं, हे आज कबूल करतो. तू सातवी शिकलेला, दुकानांच्या पाट्या लिहिणारा. मी पदविका घेतलेला, तीस वर्षं कला शिकवलेला. आणि कठडा तुझा सरळ.

तुझ्या धंद्याचे दोन नियम होते, ते तू मला पहिल्याच महिन्यात सांगितलेस. गिऱ्हाईकानं दिलेल्या मजकुराला पेंटरनं हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या पेंटरच्या रंगावर त्याला विचारल्याशिवाय ब्रश फिरवायचा नाही. उदगीरच्या एका दुकानदारानं जुनी पाटी पुसून नवी लिहायला सांगितली, तर तू आधी जळकोटला जाऊन ती लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला भेटून आलास. दुकानदार हसला तुला. मीही हसलो होतो. "अरे, तो कशाला यायचाय बघायला?" तू म्हणालास, "त्यो येऊ नायतर नको येऊ. हात त्याचा हाय."

कल्हई गल्ली तू शेवटी ठेवली होतीस. तुझं घर तिथलं, दुकान तिथलंच. आपण छतावरून टिपणं काढली तेव्हा ती उभी होती. भांड्यांना कल्हई करणाऱ्यांचे भाते, काजळलेल्या भिंती, दोऱ्यांवरचे कपडे, शेळ्या, उघडी मोरी. चित्र अर्ध्यावर असताना रस्ता रुंद झाला आणि गल्ली गेली. शकीलाभाभी आणि लेक नसरीन यांना घेऊन तू गावाबाहेर भाड्यानं राहायला गेलास. आठवडाभर आला नाहीस. मग आलास आणि ती गल्ली न बघता, आठवणीनं, दारासकट काढलीस. बरोबर पायऱ्यांच्या समोर. माणूस चौथऱ्यावर चढला की पहिली तीच दिसावी अशी. मी विचारलं, "चित्राची सुरुवात इथून का?" तू म्हणालास, "गोलाला सुरुवात नसती. तुमाला आत यायला दार लागतं, म्हणून तुमी सुरुवात म्हणता."

सहीचं विचारलं तर हसलास. पाटीवर सही उजव्या कोपऱ्यात करतात, गोलाला कोपरा कुठून आणू? शेवटी बघू, म्हणालास.

उद्‌घाटनाच्या आधी नावाची पाटी करायची होती. वाचनालयाच्या समितीनं मजकूर तयार करून माझ्याकडे तपासायला पाठवला. संकल्पना व चित्र म्हणून माझं नाव. खाली बारीक, साहाय्य, रशीद पेंटर. मी तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग होता तसा परत दिला. आणि पाटी लिहायला तुझ्याकडेच आली. लातुरात चांगलं अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं?

तू पाटी मांडीवर घेऊन बसला होतास. कागद वाचलास. पुन्हा वाचलास. मला विचारलंस, "मास्तर, मजकूर बरोबर हाय न्हवं?"

मी म्हणालो, "हो. समितीनं दिलाय तसा."

तू माझं नाव लाल रंगात लिहिलंस, कडेनं बारीक काळी रेघ देऊन. फार सुंदर लिहिलंस. तुझं नाव सांगितलं होतं तेवढंच लहान.

मग तू एका लग्नाला शिरूर अनंतपाळला गेलास, दोन दिवसांसाठी. त्याच दुपारी समितीतले एक गृहस्थ बघायला आले. चौथऱ्यावर चढले आणि थांबले.

"हे काय हो, कांबळे सर? पाव्हण्यानं वर चढल्या चढल्या मोरी अन् शेळ्या बघायच्या का?"

मी म्हणालो, "ती कल्हई गल्ली आहे. होती ना तिथं."

"होती. आता हाय का? नसलेलं कशाला दाखवता? चित्रं खरी पायजेत सर. तुमीच शिकवता न्हवं का? बघा काय करता येतंय. परवा पाव्हणे येऊन राहिलेत."

मी म्हणू शकलो असतो, रशीदला विचारतो. एवढं एकच वाक्य. तोंडात आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर चित्र कुणाचं, हेही निघालं असतं. आणि पाटी तर भिंतीवर लागली होती.

म्हणून नसलेली गल्ली झाकायला मी नसलेला लिंब लावला.

तेलरंग दोन दिवसांत वाळला नसता, ओला चमकला असता. शाळेच्या कपाटातून पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून त्यात साबण कालवला, थोडा डिंक घातला. ही युक्ती मी पोरांना शिकवायचो. दिवसभरात मोठा डेरेदार कडुलिंब उभा केला, बुंध्यापाशी खाली सावली टाकली. त्याच्या मागं गल्ली गेली, भाते गेले, तुझं दार गेलं. सांगायला लाज वाटते, पण पानं काढताना मजा आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मला जमत होतं.

उद्‌घाटनाला तू भाभींना घेऊन आलास. भाभी कापडाखालून वाकून आत आल्या, पायऱ्या चढल्या. तू त्यांना आधीच सांगून ठेवलं असणार, वर गेलीस की समोरच घर. त्यांनी समोर बघितलं. मग उजवीकडे वळल्या. मग पूर्ण फिरल्या, हळूहळू, पदर सावरत, सोळाही रस्ते बघत, आणि परत समोर आल्या.

"अपना घर किदर है जी?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, "झाड के पिच्छे है."

"कौनसा झाड? अपने यां झाड कां था?"

"था नईं. अब है."

मग तू खाली उतरून कापडापाशी गेलास आणि लिंबाच्या बुंध्यावर नख लावलंस. नखावर हिरवा-तपकिरी रंग आला. तो तू बघितलास आणि पँटला पुसलास. त्या क्षणी तुला कळलं होतं की ओल्या फडक्यानं एका मिनिटात सगळं निघेल. बादली कोपऱ्यात होती. पाणी होतं. तू परत चौथऱ्यावर आलास. सगळे पाहुणे लिंबाकडे बघत होते आणि कुणीतरी म्हणालं, किती जिवंत वाटतो.

बाहेर चहा घेताना तू मला एवढंच म्हणालास, "लिंब चांगला जमला मास्तर. सावली मातर उलटी पडली."

मी आत जाऊन बघितलं. तुझ्या चित्रात सकाळ होती, सगळ्या सावल्या पश्चिमेला. माझ्या लिंबाची सावली उगवतीकडे. बारा वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाभी दोन वर्षांनी गेल्या. त्यांनी पुन्हा ते चित्र बघितलं नाही. मी त्यांच्या चाळिसाव्याच्या जेवणाला आलो होतो आणि तू माझ्या ताटात बळेच आणखी एक पोळी वाढली होतीस. रशीद, तू मला एकदा शिवी घातली असतीस तर मी सुटलो असतो. कदाचित म्हणूनच घातली नाहीस. की तुला तसं काही वाटलंच नव्हतं? हे मी तुला कधी विचारलं नाही आणि आता माझ्याच मनानं उत्तर देत बसतो. कधी एक, कधी दुसरं.

तू नसरीनकडे नांदेडला राहायला गेलास आणि फोन सुरू झाले. "मास्तर, या. किल्ल्याच्या बुरुजावर जाऊ. नदी, घाट, पूल, गुरुद्वाऱ्याचा कळस, इतवाऱ्याची छपरं. एका चकरीत सगळं येतंय. मी टिपणं काढून राहिलोय." मी म्हणायचो, येतो. मग गुडघे, मग सुनेचं आजारपण, मग ऊन. मी म्हणायचो, नांदेड नदीकडून सुरू करावं लागेल. तू म्हणायचास, परत सुरुवात काढली का? हसायचो दोघं. फोन ठेवला की मला वाटायचं, नांदेडच्या चित्राच्या पाटीवर हा काय लिहील? म्हणून आलो नाही. गुडघे बरे होते.

मागच्या आठवड्यात नसरीनला भेटायला पुन्हा नांदेडला गेलो. तिनं तुझ्या टिपणांची गुंडाळी काढून दिली. बुरुजावरून दिसणारं नांदेड, पेन्सिलीत. घाटावर धुणं धुणाऱ्या बायाही मोजून काढल्यास तू. मी बघत होतो तर ती म्हणाली, "चाचा, एक विचारायचं होतं. लातूरच्या चित्राची साफसफाई आता कोण करंल?"

मला माहीतच नव्हतं. दरवर्षी तू एसटीनं येऊन ते चित्र पुसून जायचास, मला न भेटता. तुझे गुडघे गेल्यावर तिला आणि जावयाला पाठवायचास.

"अब्बांचा एकच हुकूम असायचा," ती म्हणाली. "सगळं चित्र ओल्या फडक्यानं पुसा, लिंबाला पाणी लावू नका. तिथं कोरडा ब्रश, तोबी हलका. मी म्हनलं, तो लिंब पुसून टाकू की अब्बा, अम्मीचं घर हाय मागं. तर ओरडले माझ्यावर. म्हनले, हात मास्तरांचा हाय. पुसतील तर तेच पुसतील."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. टिपणांची गुंडाळी पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिलो.

येताना एसटी लोहा, अहमदपूर करत चाकूरला थांबली. खिडकीतून माझ्या गावाचा फाटा दिसला. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातली झाडं आठवली. ती कुणी काढली होती कोण जाणे. त्यालाही तो दिवस मजेत गेला असेल.

समितीच्या लोकांना भेटलो. पाटी बदला म्हणालो. "आता कशाला उकरता सर? एवढी वर्षं झाली. अन् पेंटर तर गेला." मी म्हणालो, "मी आहे अजून." ते बघू म्हणाले. बदलतील न बदलतील, म्हणून हा मजकूर.

काल नसरीनला बोलावून घेतलं. वाचनालयाच्या शिपायानं गोदाम उघडलं. तिला म्हणालो, "तू वर उभी राहा. तुझी आई उभी होती तिथं." मी बादली आणि जुनं धोतर घेऊन कापडापाशी गेलो.

पहिल्याच हाताला फेस आला, रशीद. बारा वर्षांचा साबण. हिरवं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत शिरलं. फांद्या गेल्या, मग बुंधा. वरून नसरीन सांगत होती, "हां, हे रहीमचाचाचं घर. हां, हा भाता. चाचा, थोडं डावीकडं." मग म्हणाली, "दार उघडंच ठेवलंय अब्बानं. अम्मी दिवसभर बंद करू द्यायची न्हाई."

सगळं निघालं नाही. सावलीत मी काळा रंग जास्त घातला होता, तो कापडाच्या विणीत बसलाय. आता तिथं झाड नाही आणि सावली आहे. उलटीच. नसरीन म्हणाली राहू द्या, घासलं तर खालचं जाईल. राहू दिली.

तुझ्या दाराशेजारी तुझं दुकान आहे. वर अंगठ्याएवढी पाटी. पांढरी, कोरी. सगळ्या शहराच्या पाट्या लिहिल्यास तू त्या चित्रात, अगदी वाचता येतील अशा, आणि आपलीच तेवढी कोरी ठेवलीस. गोलाला कोपरा नाही, शेवटी बघू, म्हणाला होतास. त्या शेवटाच्या आधीच मी त्यावर पानं काढली.

आज सकाळी पुन्हा गेलो. सगळ्यात बारीक ब्रश नेला होता. हात टेकायला नसरीननं काठी धरली, तरी रेघ हलली. सत्तरीचा हात आहे आणि पाट्या लिहायचा सराव नाही. 'रशीद पेंटर' एवढंच लिहिलं. 'द' खाली घसरलाय, 'पेंटर' उजवीकडे दाटीवाटीनं बसलंय. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, मास्तर, अक्षर बिघडलंय.

बिघडलंय खरं. पण या वेळी रंग तेलाचा घेतला आहे. वाळायला आठ दिवस लागतील. तोवर रोज जाऊन बसणार आहे, कुणाचा हात लागू नये म्हणून.